पुस्तक सापडण्यासाठी लागणारे एकसष्ट डबे

हा माणूस आपण होऊन कुठल्याही कामाला हात घालत नाही, असं आमच्या घरात माझ्याविषयी मत आहे. मत हिचं आहे. बाकीच्यांनी त्याला नुसता दुजोरा दिलाय. मीही वाद घालत नाही, कारण वाद घालणं हेही एक कामच. पण आयुष्यात एकदा मी आपण होऊन एक सुधारणा सुचवली, आणि तीही कुठे, तर जगभरची माणसं बिनपगारी मिळून बांधतात अशा एका शोधप्रणालीत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी सार्वजनिक वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. सहायक म्हणजे ज्याच्यावर साहेब सही करतात ते सगळं लिहिणारा. आमच्याकडे संगणकावर पुस्तकं शोधायची जी प्रणाली आहे ती कुठल्या कंपनीची नाही. कोणीही फुकट घ्यावी, आतून उघडून बघावी, खटकलं तर दुरुस्त करावी आणि ती दुरुस्ती सगळ्यांना वाटून टाकावी, असा तिचा रिवाज आहे. ही दुरुस्ती करणारी मंडळी एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांची एक टपालयादी आहे, तिच्यावर पत्र टाकलं की ते सगळ्यांना जातं. माझ्या पत्राला निमित्त झाल्या बाई.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. चौतीस वर्षं त्यांनी पाचवी ते सातवीला भाषा शिकवली. तीन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी पूर्ण गेली, तरी रोज चारच्या ठोक्याला काठी टेकत वाचनालयात हजर. त्यांच्यासारख्यांसाठी मुख्यालयाने आमच्याकडे एक वाचनयंत्र ठेवलं होतं. काचेवर पुस्तक उघडं ठेवलं की ते मोठ्याने वाचून दाखवतं आणि संगणकाच्या पडद्यावर जे येईल तेही वाचतं. वाचायची सोय चोख होती, घोडं पेंड खात होतं ते शोधण्यापाशी. बाईंनी शब्द टंकला की यंत्र निकालाची यादी वाचायला लागे, आणि त्या यादीत दाखल क्रमांक, वर्गांक, आकार, पानं, नोंदीची तारीख, जुळणीची टक्केवारी असं सगळं ओळीने येई. तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचता पोचता पहिल्याचं नाव डोक्यातून जाई. मग मीच पुस्तक शोधून, काढून त्यांच्यापुढे ठेवत असे.

त्यात वाईट काय, असं मलाही वाटायचं. पण यंत्राच्या वापराचा एक मासिक तक्ता होता आणि त्यात एक रकाना होता: 'वाचकाने स्वतंत्रपणे वापर केला काय? होय/नाही.' अकरा महिने तिथे 'नाही' पडत होतं. बारावा महिनाही 'नाही' गेला तर यंत्र उचलून मुख्यालयात परत न्यायचं, असं पत्र आलं. मी ते बाईंना वाचून दाखवलं. 

"घरी सूनबाई वाचून दाखवते. चांगली आहे हो पोरगी," त्या म्हणाल्या. "पण ती तिला बरं वाटतं ते आणते. इथे तुम्ही तुम्हाला बरं वाटतं ते काढून देता. तीन वर्षांत मी एक पुस्तक माझ्या मनाने निवडलेलं नाही. हे यंत्र गेलं ना, तर मग काय, गोळ्या घेतल्यासारखं वाचायचं. दिलं ते गिळायचं."

मी जे काढून देत होतो ते सगळं उत्तमोत्तम होतं, हे मला सांगायचं होतं. पण मला मनापासून वाईट वाटलं आणि त्याच भरात मी टपालयादीवर पत्र धाडलं: 'निकाल कसा बाहेर यावा हे जरा लवचीक ठेवता येईल का?'

त्या यादीवर अखेरचा शब्द ज्या व्यक्तीचा, तिला सगळे 'कात्री' म्हणतात. ती बाई की बुवा, तरुण की म्हातारी, कोणालाच ठाऊक नाही. कोणी पन्नास ओळी पाठवल्या तर कात्री त्यांच्या वीस करते आणि आभार मानते, एवढी ख्याती. दुसऱ्याच दिवशी कात्रीचं उत्तर आलं: 'कल्पना चांगली आहे. पाठवा.'

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी ते पत्र हिला दाखवलं.

"अहो, 'पाठवा' म्हणजे तुम्ही करून पाठवा," ही म्हणाली.

"छे! ते म्हणतायत कल्पना चांगली आहे."

"हो, आणि ज्याची कल्पना त्यानेच राबायचं. आमच्या महिला मंडळातही असंच असतं. म्हणून तर तिथे कोणी काही सुचवत नाही."

ही बरोबर होती. ही बरोबर असते तेव्हा मी चहा मागतो, तसा मागितला.

संगणकाचा एक वर्ग मी पूर्वी केला होता, त्यामुळे आतलं लिखाण वाचण्यापुरती गती होती. पण खरं सांगतो, ते उघडलं आणि मी थक्क झालो. मी आयुष्यभर सरकारी परिपत्रकं वाचत आलोय. इथे प्रत्येक भागाच्या डोक्यावर दोन साध्या ओळींत लिहिलेलं की हे काय करतं, आणि त्याहून महत्त्वाचं, हे काय करत नाही. एका ठिकाणी तर लिहिलं होतं: 'हे मलाही नीटसं समजलेलं नाही, जपून.' इतका प्रामाणिकपणा मी लेखी स्वरूपात आजवर पाहिला नव्हता. ज्यांचं नावगाव माहीत नाही अशा माणसांनी, मागून येणाऱ्या माझ्यासारख्या अर्धवटासाठी ते लिहून ठेवलं होतं.

निकाल बाहेर काढायचा तो एक्सएमएल नावाच्या पद्धतीत. पद्धत सोपी आहे. स्वयंपाकघरात जसे डबे असतात तसा प्रत्येक माहितीचा एक डबा. डब्यावर नाव, आणि संपला की झाकणावर परत तेच नाव. डब्यात डबा ठेवता येतो. डबे कुठले ठेवायचे हे मात्र आपण ठरवायचं, आणि इथेच माझ्यातला लोकशाहीवादी जागा झाला. मी आम्ही राहतो त्या इमारतीत विचारायला गेलो.

वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर जन्मभर पूल बांधून निवृत्त झालेत. त्यांनी कागदावर आकृती काढली आणि सांगितलं, "कुठलाही डबा नुसता ठेवू नका. प्रत्येकाला बाहेरून आणखी एक डबा द्या. एक फुटला तर दुसरा आहे." म्हणजे 'लेखक' हा डबा 'लेखकविषयक' या डब्यात आणि तो 'व्यक्ती' या डब्यात. मला ते फार भारदस्त वाटलं.

समोरच्या काकूंनी दारातच सांगून टाकलं, "शेवट गोड आहे की रडका, एवढं टाका बाई. मागे एक पुस्तक वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही." टाकलं. मेहुणे विमा विकतात. त्यांनी, "भाऊजी, लेखकाचे वारस?" असा मुद्दा काढला. मी हसलो, पण रात्रभर तो मुद्दा डोक्यातून जाईना, सकाळी तोही डबा घातला. साहेबांना विचारणं भाग होतं. त्यांनी खरेदी समितीचा ठराव क्रमांक, ठरावाची तारीख, त्या सभेला गैरहजर असलेले सदस्य असे एकूण चौदा डबे दिले. "उद्या कोणी विचारलं तर?" हे साहेबांचं जीवनविषयक तत्त्वज्ञान आहे. त्यांना आजवर कोणी काही विचारलेलं नाही, पण तयारी दांडगी.

बाईंना विचारलं नाही. का, ते आता सांगता येणार नाही. त्यांच्याचसाठी तर सगळं चाललं होतं!

दहा दिवस रोज संध्याकाळी खपून मी एकसष्ट डब्यांची रचना सिद्ध केली, टपालयादीवर पाठवली आणि वाचनालयाच्या संगणकावर बसवूनही टाकली. प्रयोग बघायला साहेब, मेहुणे, इंजिनिअर झाडून सगळे आले. बाईंनी 'नदी' हा शब्द टंकला. यंत्र सुरू झालं.

"निकाल सुरू. पुस्तकविषयक सुरू. पुस्तक सुरू. ओळखविषयक सुरू. ओळख सुरू. दाखल क्रमांक सुरू…"

पाचव्या मिनिटाला यंत्र गैरहजर सदस्यांपाशी होतं. साहेबांचा चेहरा उजळला, कारण ती नावं एवढ्या मोठ्या आवाजात कधीच वाचली गेली नव्हती. सातव्या मिनिटाला वर्तमानपत्र वाचणारे नेहमीचे दोन गृहस्थ उठून गेले. नवव्या मिनिटाला "वारस सुरू. वारस संपले," असं ऐकू आलं तेव्हा मेहुण्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. अकराव्या मिनिटाला पहिलं पुस्तक संपलं. यादीत अजून अठ्ठावन्न होती.

"पुस्तकाचं नाव कधी आलं?" बाईंनी विचारलं.

"चौथ्या मिनिटाला," मी म्हणालो.

"असेल," बाई म्हणाल्या आणि काठी घेऊन उठल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या मला "बराच त्रास घेतलात हो," म्हणून गेल्या. नाकापेक्षा मोती जड, असं घरी ही म्हणाली. ते मात्र मला आवडलं नाही, कारण तो मोती मी घडवला होता.

त्याच आठवड्यात कात्रीचं उत्तर आलं. माझी एकसष्ट डब्यांची यादी जशीच्या तशी उतरवून घेतली होती आणि प्रत्येक डब्यापुढे एकच प्रश्न: 'हे कोण वाचणार?' एकसष्ट वेळा. एकदा लिहून 'वरीलप्रमाणे' म्हणायची सोय असताना त्या माणसाने, किंवा बाईने, एकसष्ट वेळा वेगवेगळा विचार केला होता, कारण काही ठिकाणी पुढे लिहिलं होतं: 'कदाचित नोंदणी कारकून. त्यांना विचारलंत?' आणि शेवटच्या गोड-रडक्या शेवटापुढे: 'हा मला स्वतःला आवडेल. पण ठरवणार कोण?'

आधी मी दुखावलो. दोन दिवस मी टपाल उघडलं नाही आणि जगातल्या समस्त फुकट प्रणालींविषयी घरात अनुदार उद्गार काढले. तिसऱ्या दिवशी मी यादी घेऊन बसलो आणि प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर लिहायचं ठरवलं. सत्तावन्न ठिकाणी उत्तर आलं, 'कोणी नाही'. एक ना धड भाराभर चिंध्या! मग मी लाज बाजूला ठेवली आणि चार वाजता बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

"बाई, तुम्हाला नक्की काय ऐकू यायला हवंय?"

"हे विचारायला इतके दिवस लागले होय!" त्या म्हणाल्या. "लिहून घ्या. 'गाळलेली जागा' हे पुस्तक 'गाळलेली जागा' नंबरच्या कपाटात, वरून 'गाळलेली जागा' खणात, डावीकडून 'गाळलेली जागा' आहे. संपलं."

मी लिहून घेतलं. लिहिता लिहिता थांबलो.

"अहो, चौतीस वर्षं मी पोरांना गाळलेल्या जागा भरायला दिल्यात," बाई म्हणाल्या. "वाक्य माझं, जागा माझ्या. त्यांनी फक्त भरायचं. तुमच्या यंत्रालाही तसंच द्या की. उत्तर कसं हवं ते तुम्ही कशाला ठरवता? त्या इंजिनिअरांना डब्यात डबा हवा तर त्यांनी तसा कागद द्यावा. तुमच्या साहेबांना गैरहजर माणसं हवीत, त्यांनी तसा द्यावा. ज्याचं वाक्य त्याचं."

मी त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. आम्ही सगळे कुठले डबे ठेवायचे यावर डोकी फोडत होतो. बाईंनी डबेच विचारणाऱ्याच्या हाती दिले. जो शोधेल त्याने आपला रिकामा नमुना द्यायचा, हव्या त्या नावाचे डबे मांडायचे, आणि प्रणालीने त्या मोकळ्या जागांत माहिती ओतून तो परत करायचा. इतकंच. चाळीस ओळींत बसलं. कात्रीने त्याच्या बावीस केल्या, आणि खाली लिहिलं: 'हे फार सुंदर आहे. चार वर्षं मी याच्याच शोधात आहे. कोणाचं सुचलेलं?' मी खरं तेच कळवलं. प्रणालीच्या कर्त्यांच्या यादीत आता बाईंचं नाव आहे. माझं त्यांच्या खाली, 'लेखनिक' म्हणून. हा हुद्दा कात्रीने दिला. आधी टोचला, मग आवडला.

आता साहेब. त्यांना बदल नको होता असं नाही, त्यांना फक्त प्रणालीच्या मालकाचं 'ना हरकत' पत्र हवं होतं. मालक कोणीच नाही, हे मी तीनदा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. "मालक नसलेली वस्तू सरकारी इमारतीत कशी?" असा उलट प्रश्न आला. शेवटी मी कात्रीला भीत भीत कळवलं. उत्तर तासाभरात आलं, तेही साहेबांच्या नावे, रीतसर विषय आणि संदर्भ घालून: 'या प्रणालीचा मालक जितका मी, तितकेच आपण. सबब आपली हरकत नसल्यास माझीही नाही.' साहेबांनी ते चार वेळा वाचलं. मग त्यांनी मालक या नात्याने ग्रंथपालांना ना हरकत पत्र लिहिलं, जावक क्रमांक घातला, ग्रंथपाल या नात्याने ते स्वीकारून आवक क्रमांक घातला आणि स्वतःचे आभार मानले. त्या दिवशी त्यांची चाल बदलली होती.

एक जागा मात्र भरता येत नव्हती. पुस्तक डावीकडून कितवं, ही नोंद आमच्याकडेच काय, जगातल्या कुठल्या वाचनालयात नसेल. आमचे शिपाई मामा म्हणाले, "मोजायचंच आहे ना? त्यात काय!" आणि कथा-कादंबऱ्यांची चारही कपाटं, दोन हजारांवर पुस्तकं, मामांनी सहा दिवसांत मोजली. रोज संध्याकाळी, घरी जायच्या आधी, वाचकांनी उलटसुलट खोचलेली परत जागेवर लावत. मी संगणकात आकडे भरत होतो आणि मामा "दुसरा खण, एकोणीस," असं सांगत होते. मध्येच एका पुस्तकाच्या नावात 'आणि'च्या जागी इंग्रजीतलं ते वेटोळं '&' चिन्ह निघालं. एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला भलताच अर्थ आहे. यंत्राची दातखीळच बसली. कात्रीने एका ओळीत उपाय कळवला. असं सगळं महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत येऊन ठेपलं.

त्या दिवशी चार वाजता मुख्यालयाच्या अधिकारी तक्ता घेऊन येणार होत्या. सकाळीच मी वाचनालय गाठलं. केर काढून घेतला, टेबलं पुसली, कपाटांकडे नजर टाकली तर पुस्तकं उंच-बुटकी, कशीही दिसत होती. पाहुण्यांच्या नजरेला बरं दिसावं म्हणून दर्शनी कपाटातले दोन खण मी, कमी पडली तिथे शेजारच्या शेतीच्या कपाटातली पुस्तकं खोचून, झकास उंचीप्रमाणे लावले. आधी उंच, मग बुटकी. मला त्या क्षणी दुसरं काहीही आठवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

चारला बाई आल्या. अधिकारी टेबलापलीकडे तक्ता उघडून बसल्या, साहेब मालकाच्या ऐटीत उभे, मामा दाराशी. बाईंनी खुर्चीत बसून शांतपणे एक शब्द टंकला. टंकताना त्या ओठांत हसत होत्या. यंत्र खणखणीत आवाजात म्हणालं, "खून. त्रेचाळीस पुस्तकं."

वाचनकक्षात सगळ्यांच्या माना वर झाल्या. तीन वर्षं मी या बाईंना थोरांची चरित्रं आणि चिंतनपर लेख काढून देत होतो.

"'बंद खोलीतला खून' हे पुस्तक दोन नंबरच्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात, डावीकडून सातवं आहे," यंत्र म्हणालं. पुढचं एक. त्याच्या पुढचं एक. प्रत्येकाला चार-पाच सेकंद. नवव्याला बाईंनी कळ दाबून यंत्र थांबवलं, मागे जाऊन पहिलंच पुन्हा ऐकलं आणि उठल्या. मी सवयीने पुढे झालो. मामांनी माझा दंड धरला.

बाई कपाटापाशी गेल्या. हाताने खण मोजले, तिसऱ्या खणाच्या डाव्या कडेला बोट लावलं आणि पुस्तकांच्या पाठींवरून एकेक करत सरकवलं. ते बोट पाचव्यावर होतं तेव्हा मला सकाळ आठवली. ओरडावं तर तक्त्यात 'नाही', गप्प बसावं तर बाईंची फजिती.

त्यांनी सातवं पुस्तक काढलं, परत आल्या, काचेवर उघडून ठेवलं.

"मधमाशीपालन," यंत्र म्हणालं. "प्रकरण पहिलं. पेटी कुठे ठेवावी."

अधिकाऱ्यांचं पेन तक्त्यावर थांबलेलं. मी पुढे गेलो आणि सगळ्यांसमोर कबूल केलं की बाई चुकल्या नाहीत, यंत्रही चुकलं नाही, मी दिखाव्यासाठी पुस्तकं हलवली. "बाई, माफ करा. लगेच शोधून देतो."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी तळहात पुस्तकावर सपाट ठेवला होता. "हे कोणी काढलं?"

"तुम्ही."

"तुम्ही दिलं नाहीत? मामांनी नाही?"

"नाही बाई. तुमचं तुम्हीच काढलंत."

"तीन वर्षांत एकदाही माझ्या हाती चुकीचं पुस्तक आलेलं नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. "कोणी येऊच दिलं नाही. आज माझं मी चुकीचं पुस्तक काढलंय. ते मी तुम्हाला परत देणार नाही."

अधिकाऱ्यांनी तक्त्यावर खूण केली. ती कुठल्या बाजूला केली हे बघायला साहेब वाकले आणि ताठ उभे राहिले. बाईंनी कानाला हेडफोन लावले, खुर्ची पुढे ओढली आणि पान उलटलं.

सहाला मामांनी वाचनालय बंद व्हायची घंटा दिली, तेव्हा त्या तिसऱ्या प्रकरणात होत्या, आणि त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प राहायला सांगितलं.